‘इंटिग्रिटी’ला मराठीत एकच शब्द पुरेल का?

फळ्यासमोर :

नमस्कार. मी बेळगावच्या शहापूर भागात मराठी माध्यमाच्या एका शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. गेल्या पंधरवड्यातली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

‘इंटिग्रिटी’ हा शब्द वर्गात पहिल्यांदा आला तो एका चरित्रपर धड्यात. ‘अ मॅन ऑफ इंटिग्रिटी’ असा प्रयोग होता आणि मी फळ्यावर ‘प्रामाणिकपणा’ असा अर्थ लिहून दिला. चार दिवसांनी एका अपठित उताऱ्यात तोच शब्द पुन्हा भेटला. जुन्या पुलाची ‘स्ट्रक्चरल इंटिग्रिटी’ अभियंत्यांनी तपासली, अशा आशयाचे ते वाक्य होते. खानापूरहून रोज बसने येणाऱ्या एका मुलीने त्याचे मराठी केले, ‘अभियंत्यांनी पुलाचा प्रामाणिकपणा तपासला.’ वर्ग हसला. मी तांबड्या शाईने तो शब्द खोडला, वर ‘मजबुती’ असे लिहिले आणि पुढची वही उघडली.

घरी आल्यावर मात्र दोन गोष्टी टोचू लागल्या. एक तर त्या मुलीने मीच दिलेला अर्थ इमानाने वापरला होता, त्यामुळे चूक तिची नसून माझी होती. दुसरे असे की ‘मजबुती’ हाही त्या वाक्याचा खरा अर्थ नव्हे. पूल मजबूत असूनही त्याला आत कुठेतरी भेग गेलेली असू शकते आणि अभियंते नेमकी तीच भेग शोधत असतात. माणसाची इंटिग्रिटी, पुलाची इंटिग्रिटी आणि राष्ट्राची इंटिग्रिटी या तिन्हींना इंग्रजी एकच शब्द देते, तर आपण तीन वेगळे शब्द पाठ करून का मोकळे होतो? या तिघांच्या मुळाशी असलेला एक धागा मुलांच्या हाती कसा द्यावा, याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.


उभयभाषी :

बाई, प्रश्न फार चांगला विचारलात. मी कन्नड-मराठी भाषांतराची कामे करतो आणि या शब्दापाशी वर्षानुवर्षे अडखळत आलो आहे, म्हणून सुरुवात मुळापासून करतो.

लॅटिनमध्ये ‘इंटेगेर’ असे विशेषण आहे. त्यातला ‘इन्’ हा नकार आहे आणि उरलेला भाग ‘टांगेरे’ म्हणजे स्पर्श करणे या क्रियापदाच्या धातूपासून आलेला आहे. ज्याला काही लागलेले नाही, ज्याचा तुकडा कोणी काढून नेलेला नाही, ते ‘इंटेगेर’. त्याचे भाववाचक नाम ‘इंटेग्रितास’ आणि त्यावरून इंग्रजी ‘इंटिग्रिटी’. ‘इंटॅक्ट’ हा शब्द त्याच धातूचा आहे. ‘एंटायर’ही त्याच घरचा आहे, फक्त तो जुन्या फ्रेंचमधून वळसा घालून आल्यामुळे चेहऱ्याने ओळखू येत नाही. म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ नीतीचा नाही. तो वस्तूच्या धडपणाचा आहे आणि नीतीचा अर्थ त्यावर पुढे चढलेला आहे. आपण मुलांना आधी वरचा मजला दाखवतो आणि पाया दाखवायचे राहून जाते, त्यामुळे पूल आला की त्यांचा गोंधळ उडतो.

शिकवताना उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी जाता जाता सांगतो. या शब्दात जोर दुसऱ्या अक्षरावर असतो, त्यामुळे उच्चार ‘इन्टेग्रिटी’च्या जवळ जातो, आपण मराठीत मात्र ‘इंटिग्रिटी’ असेच लिहितो. या अर्थांनी त्याचे अनेकवचन होत नाही. आणि सर्वांत मोठी फसगत अशी की ‘इंटिग्रल’ हे याचे विशेषण समजून मुले ‘ही इज ॲन इंटिग्रल मॅन’ असे लिहितात. ‘इंटिग्रल’ म्हणजे अविभाज्य, ज्याच्यावाचून एखादी वस्तू पुरी होत नाही असे. सचोटीच्या माणसासाठी रूढ इंग्रजीत सुटसुटीत विशेषण नाही, म्हणूनच ‘ऑफ इंटिग्रिटी’ असे लांबण लावून म्हणावे लागते.


अंकलिपी :

गणिताच्या बाजूने थोडी भर घालतो. ‘इंटिजर’ म्हणजे तोच लॅटिन शब्द जवळजवळ जसाच्या तसा. ज्या संख्येला अपूर्णांकाचा तुकडा चिकटलेला नाही ती ‘इंटिजर’, आणि आपण तिला पूर्णांक म्हणतो. कन्नडमध्येही ‘पूर्णांक’ हाच शब्द आहे, त्यामुळे बेळगावात मराठी आणि कन्नड माध्यमांची मुले शिकवणीला एकत्र बसली तरी या एका शब्दापाशी कोणी अडत नाही. ‘टँजंट’मध्येही तोच स्पर्शाचा धातू आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात तिचे नाव ‘स्पर्शिका’ आहे. ‘इंटिग्रल’ ही संज्ञा कलनशास्त्रात याकोब बर्नुली याने १६९० मध्ये छापील स्वरूपात वापरली. अगणित बारीक तुकडे जोडून अख्खी राशी उभी करायची ती रीत आहे. ‘इंटिजर’ आणि ‘टँजंट’ हे शब्द शेजारी शेजारी लिहून एकात स्पर्श आहे आणि दुसऱ्यात स्पर्शाचा अभाव आहे एवढे दाखवले, तरी नववीच्या मुलांचे डोळे चमकतात, असा माझा अनुभव आहे.


निपाणीकर :

मी वकिली करतो, त्यामुळे माझे लक्ष बाईंच्या तिसऱ्या उदाहरणाकडे, म्हणजे राष्ट्राच्या इंटिग्रिटीकडे गेले.

१९५० साली लागू झालेल्या संविधानाच्या उद्देशिकेत केवळ राष्ट्राच्या एकतेचा उल्लेख होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने त्यात ‘अँड इंटिग्रिटी’ हे शब्द घातले. त्याआधी, १९६३ च्या १६ व्या घटनादुरुस्तीने ‘सॉव्हरिन्टी अँड इंटिग्रिटी ऑफ इंडिया’ हे शब्द अनुच्छेद १९ मध्ये आणि लोकप्रतिनिधींच्या शपथांत आले होते. आता गंमत नव्हे, पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी की या शब्दासाठी हिंदी उद्देशिकेने ‘अखंडता’ निवडले आणि मराठीने ‘एकात्मता’. ‘व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता यांचे आश्वासन देणारी बंधुता’ हे शब्द आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतील.

माझे प्रांजळ मत असे आहे की मराठी शब्द सुंदर आहे, पण तो दुसऱ्याच शब्दाचा प्रतिशब्द वाटतो. ‘राष्ट्रीय एकात्मता’ हा प्रयोग आपण ‘नॅशनल इंटिग्रेशन’साठी वापरतो. इंटिग्रेशन म्हणजे वेगळे असलेले जवळ आणून सांधणे आणि इंटिग्रिटी म्हणजे मुळात न तुटणे. १९४७ नंतर संस्थाने भारतात आली ते इंटिग्रेशन होते. त्यानंतर जो देश उभा राहिला त्याचा लचका कोणी तोडू नये, ही इंटिग्रिटी. मराठीने दोन्हींना एकाच शब्दाखाली बसवल्यामुळे हा भेद पुसट झाला आहे.

तरीही ‘एकात्मता’ने एक गोष्ट साधली, हेही नमूद करतो. ‘अखंडता’ नकाशाकडे बोट दाखवते, ‘एकात्मता’ माणसांकडे. आपल्या सीमाभागात १९५६ पासून ‘अखंड’, ‘संयुक्त’, ‘विभाजन’ हे शब्द केवळ कोशात राहिलेले नाहीत. ते भिंतींवर रंगले आहेत, मोर्चांत घुमले आहेत, आणि ज्या घरात वडील मराठी वर्तमानपत्र वाचतात व मुलगा कन्नड माध्यमात शिकतो त्या घरात हे शब्द जपून उच्चारले जातात. अशा ठिकाणी मुलांना या शब्दाचा नकाशापलीकडचा अर्थ सांगायलाच हवा.


फळ्यासमोर :

तिघांचेही आभार. ‘इंटिग्रेशन म्हणजे सांधणे आणि इंटिग्रिटी म्हणजे न तुटणे’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे. पण पुलाचे कोडे अजून सुटलेले नाही. लोखंड, काँक्रीट यांच्याशी रोजचा संबंध असलेले कोणी येथे असल्यास त्यांनी लिहावे.


ओतकाम :

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत तपासणी विभागात गेली बावीस वर्षे काम करतो. भाषेतले मला फारसे कळत नाही, पण बाईंनी ज्या भेगेविषयी लिहिले आहे ती शोधणे हेच माझे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतून व्हॉल्व्ह आणि पंप यांची अंगे बनतात. वरून पाहिले तर दोन कास्टिंग अगदी सारखी दिसतात. वजन तेच, माप तेच, रंग तोच. पण एकाच्या पोटात पोकळी असते. ती का होते हे सांगितले तर बाईंच्या शब्दावर थोडा प्रकाश पडेल असे वाटते. रस साच्यात गेल्यावर पातळ भाग आधी गोठतो आणि जाड भाग शेवटी. गोठताना लोखंड आकसते. पातळ भाग आकसतो तेव्हा तो शेजारच्या जाड भागातून रस ओढून घेतो, पण जाड भागाची पाळी येते तेव्हा त्याला द्यायला कोणीच उरलेले नसते. म्हणून आम्ही साच्यात त्याच्या डोक्यावर रसाचा जादा साठा ठेवतो. त्याला रायझर म्हणतात. रायझर लहान पडला की जाड भागाच्या मध्यभागी खळगा राहतो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे सगळ्यांत भक्कम दिसणारी जागाच आतून पोकळ निघते.

पृष्ठभागावरची केसासारखी भेग शोधायची रीत वेगळी आहे. कास्टिंग स्वच्छ पुसून त्यावर लाल रंगाचे पातळ द्रव्य फवारतात आणि काही मिनिटे तसेच ठेवतात. मग वरचा रंग पुसून काढतात. या वेळी तुकडा अगदी निर्दोष दिसतो आणि नवीन पोरे म्हणतात, ‘काय न्हाई की हो ह्यात.’ त्यानंतर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारला की भेगेत शिरून बसलेला रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर एक बारीक तांबडी रेघ उमटते. ती रेघ उमटेपर्यंत मी अजूनही श्वास रोखून उभा असतो. रेघ आली की तो तुकडा, कितीही मेहनत घेतलेली असो, परत भट्टीत जातो.

आणखी एक जुनी रीत म्हणजे हातोडीने वाजवून पाहणे. भेग असेल तर आवाज बद्द येतो, नसेल तर खणखणीत येतो. मात्र यात एक पथ्य आहे. साधे ग्रे आयर्न मुळातच बद्द वाजते, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत कंप जिरून जातो. एसजी आयर्न घंटेसारखे वाजते, कारण त्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते. म्हणून ज्या जातीचा माल असेल त्याच जातीच्या चांगल्या मालाशी त्याचा आवाज ताडून पाहावा लागतो.

आता त्या मुलीविषयी. ग्राहकाच्या इंग्रजी कागदावर ‘इंटिग्रिटी’ लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ आम्ही एवढाच घेतो, की जे बाहेर दिसते तेच आत, शेवटच्या कणापर्यंत असले पाहिजे. ‘पुलाचा प्रामाणिकपणा’ हे मराठी म्हणून चूक असेल, पण तपासणी करणाऱ्या माणसाला त्या वाक्यात हसण्यासारखे काही वाटले नाही, एवढे तिला कृपया सांगा.


खानापूरची माती :

ओतकाम यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाजवून पाहण्याची रीत आमच्याकडे मडक्यांची आहे. खानापूरची माती कुंभारकामाला नामांकित आहे, आणि बाजारात मडके घेताना आमची आई ते डाव्या तळव्यावर उभे करून उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी तीन ठिकाणी वाजवत असे. एका ठिकाणी वाजवून ती कधीच पैसे देत नसे, कारण चीर जिथे आहे तिच्या पलीकडच्या अंगाला आवाज फसवतो, असे तिचे म्हणणे असायचे.

पण मला सांगायचे आहे ते अक्षतांविषयी. उभयभाषी यांनी ‘इन्’ म्हणजे नकार आणि पुढे स्पर्श असे सांगितले, तेव्हा मला एकदम ‘अक्षत’ आठवले. ‘क्षत’ म्हणजे जखम आणि ‘अक्षत’ म्हणजे ज्याला जखम झालेली नाही ते. बांधणी तीच: आधी नकार आणि मग इजा. लग्नात टाकतो ती अक्षता हाच तो शब्द, आणि आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे तीच ‘अक्षते’ होते. आमचा तालुका भाताचा. भात गिरणीवर सडून आणले की त्यात कणी येतेच. घरात लग्न निघाले की आदल्या दोन दिवसांत आजी आणि मावश्या सुपे घेऊन ओटीवर बसत आणि तुकडा पडलेला प्रत्येक दाणा बाजूला काढत. टोक मोडलेला दाणाही चालत नसे. कणी काही वाया जात नसे, तिची पेज होई, पोट तिनेही भरे. पण वधूवरांच्या डोक्यावर पडायचा दाणा मात्र अख्खा हवा. लहानपणी हे फार कटकटीचे वाटे. आज वाटते, आजी इंटिग्रिटीचा मूळ अर्थ बोटांनी निवडत होती.

मराठीत असे शब्द आणखीही आहेत. ‘अखंड’ आहे, ‘अभंग’ आहे. वारकऱ्यांच्या रचनेचे नावच ‘न भंगणारे’ असे आहे. ‘अख्खा’ हा रोजचा शब्दही ‘अक्षत’च्याच घरातला आहे. म्हणून बाईंनी मुलांना लॅटिन सांगण्याआधी सूप दाखवावे, असे सुचवते.


पायवाट :

सर्वांचे प्रतिसाद आवडले. तरीही एका ठिकाणी सावध करावेसे वाटते, कारण मुलांपुढे हा शब्द जाणार आहे.

लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ज्याला स्पर्श झालेला नाही’ असा सांगितला गेला. शब्दव्युत्पत्ती म्हणून ते बरोबर आहे. परंतु आपल्या समाजात स्पर्श न होणे हा गौरव कधीच सगळ्यांच्या वाट्याला आलेला नाही. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी वरून ओतून देत असत, आणि त्यामागची भाषा नेमकी शुद्धतेची, विटाळ न होण्याची, अस्पर्श राहण्याची होती. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, पण वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरात त्या आठवणी अजून जिवंत असतात. त्यामुळे पूर्णत्व म्हणजे कोणाचा स्पर्श न होणे, असे फळ्यावर उमटू नये. ‘इजा न झालेले’, ‘न तुटलेले’ असेच सांगावे. निपाणीकर यांनी दिलेली उद्देशिकेतली ओळ पाहा. राष्ट्राची एकात्मता तिथे एकटी उभी नाही. तिच्या आधी व्यक्तीची प्रतिष्ठा आहे आणि दोन्हींचे आश्वासन देण्याचे काम बंधुतेकडे सोपवले आहे. दूर ठेवून जे अबाधित राखले जाते, ते या अर्थाने अखंड होत नाही, असे मला मनापासून वाटते.


खानापूरची माती :

आपले म्हणणे पूर्णपणे पटले. अक्षता टाकताना त्या सगळ्यांच्या हातात दिल्या जातात की नाही, हा प्रश्न माझ्या आठवणीत मी विचारला नव्हता. तो विचारायला हवा होता.


निवृत्त दप्तर :

मी केंद्र सरकारच्या एका खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. बाईंनी ‘मॅन ऑफ इंटिग्रिटी’ला ‘प्रामाणिकपणा’ म्हटले, त्याविषयी माझ्या अनुभवातून लिहिणे मला गरजेचे वाटते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत तिसऱ्याच नियमात प्रत्येक कर्मचाऱ्याने ‘ॲब्सोल्यूट इंटिग्रिटी’ राखावी असे म्हटलेले आहे, आणि गोपनीय अहवालात इंटिग्रिटीचा वेगळा रकाना असे. मराठी कागदपत्रांत त्याला आपण ‘सचोटी’ म्हणतो. माझ्या त्या रकान्यात वर्षानुवर्षे ‘संशयातीत’ असाच शेरा येत राहिला, आणि पैशापुरते बोलायचे तर तो खरा होता. चहासुद्धा मी स्वतःच्या पैशाने प्यालो.

एकदा मात्र एका विधवा बाईंच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्या टेबलावर आले. कागद पुरे होते. वरिष्ठांना मात्र त्या कुटुंबाशी जुना राग काढायचा होता, म्हणून त्यांनी तोंडी सांगितले की काहीतरी त्रुटी काढून फाइल परत पाठवा. मी त्रुटी काढली. ती खोटी नव्हती. एका अर्जावर तारीख दोन ठिकाणी वेगळ्या पद्धतीने लिहिलेली होती, आणि एरवी अशा गोष्टीकडे मी ढुंकूनही पाहिले नसते. त्या बाई बैलहोंगलकडून बसने येत. तीन वेळा आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी मला कन्नडमध्ये विचारले की, साहेब, तुम्ही पैसे घेत नाही असे सगळे म्हणतात, मग माझे काम का होत नाही? मी फाइलीकडे बघत राहिलो. पुढे वरिष्ठांची बदली झाली आणि महिन्याभरात प्रकरण निकाली निघाले.

मी खोटे बोललो नाही, लाच घेतली नाही, नियम मोडला नाही. प्रामाणिकपणाच्या कोणत्याही व्याख्येत मी बसतो. पण घरी मुलांना न्यायाच्या गोष्टी सांगणारा मी आणि त्या टेबलावर बसलेला मी, हे दोन वेगळे तुकडे होते. इंटिग्रिटी त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. आईंनी मडके तीन ठिकाणी वाजवून घेतल्याचे वर वाचले, तेव्हा हे आठवले. मला कायम एकाच ठिकाणी, पैशाच्या ठिकाणी वाजवून पाहिले गेले. म्हणून बाईंना विनंती आहे की ‘प्रामाणिकपणा’ हा अर्थ खोडू नका, पण तो या शब्दाचा एक भाग आहे असे सांगा. ‘सचोटी’त सच आहे, खरेपणा आहे, माणसाच्या सगळ्या बाजू एकमेकींना जोडलेल्या असणे त्यात येतेच असे नाही.


उभयभाषी :

दप्तर काका, आपण हे लिहिलेत त्याबद्दल आपल्याला नमस्कार करतो. यापुढे या शब्दाचे भाषांतर करताना आपली फाइल माझ्या डोळ्यांसमोर राहील.

आपले वाचताना एक जुना मराठी शब्दप्रयोग आठवला, तो म्हणजे ‘बंदा रुपया’. न मोडलेला, सुट्टा न केलेला, सबंध रुपया तो बंदा, आणि त्याची मोड केली की खुर्दा. आपले जुने लोक एखाद्याविषयी ‘माणूस म्हणजे बंदा रुपया’ असे म्हणत, तेव्हा तो लाच घेत नाही एवढेच त्यांना म्हणायचे नसे. तो कचेरीत एक, देवळात दुसरा आणि बाजारात तिसरा असा सुट्टा झालेला नाही, असे ते सांगत. त्यात धातूही आहे, खणखणीत आवाजही आहे, आणि हिशेबही आहे, कारण शंभर पैशांचा खुर्दा किमतीने रुपयाएवढाच असतो, तरी त्याला कोणी बंदा म्हणत नाही. माणसाच्या इंटिग्रिटीला इतका चपखल शब्द मला इतर कोणत्याही भाषेत सापडलेला नाही. परीक्षेत तो लिहिता येणार नाही, हे मान्य आहे. पण वर्गात सांगायला काय हरकत आहे?

जाता जाता, इंग्रजी ‘होल’, ‘हील’, ‘हेल्थ’ आणि ‘होली’ हे चारही शब्द एकाच मुळाचे आहेत. ‘होल’च्या स्पेलिंगमधले सुरुवातीचे डब्ल्यू नंतर चिकटलेले आहे. जखम भरून येणे म्हणजे पुन्हा अख्खे होणे, आणि आरोग्य म्हणजे अख्खेपणा. आपल्या ‘धडधाकट’मध्येही तीच कल्पना आहे. ‘धड’ म्हणजे न मोडलेले, न फाटलेले.


निपाणीकर :

बंदा रुपया हा शब्द आमच्याकडे तंबाखूच्या व्यापारातली जुनी मंडळी आजही वापरतात. मी तो इतक्यांदा ऐकूनही इंटिग्रिटीशी कधी जोडला नव्हता. उद्देशिकेच्या मराठी शब्दाविषयीचे माझे मत कायम आहे, मात्र पायवाट यांनी दाखवलेल्या बंधुतेच्या जोडणीमुळे ‘एकात्मता’ निवडणाऱ्यांच्या मनात काय असावे, हे मला आता अधिक जवळून दिसते आहे.


फळ्यासमोर :

आज वर्गात जाऊन आले, म्हणून लगेच लिहिते.

खानापूरची माती यांच्या सांगण्याप्रमाणे मी घरून सूप, पसाभर गिरणीचे तांदूळ आणि कुंभाराकडची दोन गाडगी नेली होती. एका गाडग्याला बुडाशी चीर होती. मुलांनी ती वाजवून पाहिली. पहिल्या बाकावरच्या मुलाने चिरेच्या पलीकडच्या अंगाला वाजवले आणि ‘हे चांगले आहे’ असे सांगितले. मग दुसऱ्याने गाडगे फिरवून वाजवले आणि आवाज बसला. त्यानंतर तांदूळ निवडले. तासाच्या अखेरीस मी पुलाचे ते वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिले. त्या मुलीला उभे करून आधी सांगितले की मागच्या खेपेला तुझी चूक नव्हती, मी अर्धाच अर्थ दिला होता, आणि उद्यमबागेतल्या एका तपासनीसांना तुझे वाक्य आवडले आहे. ती लाजली. मग मी सर्वांना विचारले की आता या वाक्याचे मराठी काय कराल.

एकाने ‘अखंडता’ सांगितले, एकाने ‘भक्कमपणा’. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘बाई, पावसाळ्यात आमच्या वाटेवरच्या पुलावर पाणी चढतं. पाणी उतरलं की आजी बाबांना म्हणते, पूल धड हाय का बघून या, मगच पोरीला सोडा. तसं लिहिलं तर चालंल का? अभियंत्यांनी पूल धड आहे का ते तपासलं.’

मी तिच्या वहीत मागच्या आठवड्यातला माझा ‘मजबुती’ हा शब्द खोडला आणि तिचे वाक्य तिच्याच हाताने त्यावर लिहून घेतले. परीक्षेतल्या उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेतले शिक्षक तपासतील, त्यांच्यासाठी ‘पुलाची संरचनात्मक अखंडता’ हा पाठही मुलांना दिला आहे. उद्या ‘मॅन ऑफ इंटिग्रिटी’ पुन्हा घेणार आहे आणि दप्तर काकांची हरकत नसेल तर त्यांच्या फाइलीची गोष्ट, नाव-गाव न सांगता, मुलांना सांगावी असा विचार आहे. काका, आपली परवानगी आहे का?


निवृत्त दप्तर :

सांगा. त्या बाई तीन वेळा आल्या होत्या, हे मात्र गाळू नका.